‘दाद मागणे’ : एका क्रियापदाचा प्रवास

१/ ‘उच्च न्यायालयात दाद मागणार’ हे शब्द वर्तमानपत्रांत वारंवार दिसतात. मैफलीत श्रोते गायकाला ‘दाद देतात’. एकीकडे न्याय, दुसरीकडे रसिकता. शब्द मात्र एकच. हे कसे घडले?

२/ ‘दाद’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ ‘न्याय’. इराणचा सम्राट पहिला दारियस याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात कायद्यासाठी ‘दात’ हा शब्द आहे. ‘दाद’ हे त्याचेच उत्तरकालीन रूप. त्यातील धातू संस्कृत ‘धा’ (ठेवणे, स्थापणे) या धातूचा सगोत्र आहे. म्हणजे ‘दाद’ आणि ‘विधान’ हे दूरचे भाऊबंद!

३/ दख्खनी सुलतानशाह्यांच्या काळात दरबारी फारसीतून फिर्याद, महजर, राजीनामा असे शब्द मराठी कागदपत्रांत रुळले. फिर्याद म्हणजे साहाय्यासाठी मारलेली हाक आणि दाद म्हणजे त्या हाकेवर मिळणारा न्याय.

४/ वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. वादी तो अग्रवादी, प्रतिवादी तो पश्चिमवादी. निवाडा मान्य करू, असा ‘राजीनामा’ दोघांकडून लिहून घेतला जाई. राजी असल्याचा हा कागद. नोकरी सोडण्याचा अर्थ पुढचा. स्थानिक पंच पक्षपाती वाटल्यास दुसरे ‘थळ’, म्हणजे निवाड्याचे दुसरे ठिकाण, मागता येई.

५/ मसूरच्या बापाजी मुसलमान याचा वाद प्रसिद्ध आहे. कऱ्हाडच्या पंचायतीत तो हरला. पक्षपाताची तक्रार घेऊन तो इब्राहीम आदिलशाहाकडे गेला. शाहाने प्रकरण पैठणच्या पंचायतीकडे सोपवले. तिथेही निकाल विरुद्ध गेला आणि पुढची दाद शाहाने नाकारली. स्वधर्मीय सुलतानानेही पंचांचा निवाडा मोडला नाही.

६/ दाद फुकट मिळत नसे. जिंकणाऱ्याने सरकारात ‘हरकी’ भरावी, हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. शिवाय ‘मागणे’ या क्रियापदात देणारा वरचा आणि मागणारा खालचा, हे गृहीतच होते.

७/ शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी लोकांच्या तोंडून ‘दाद’ गेली नाही. ज्याचे जे उचित, ते त्याला देणे, हा तिचा गाभा. म्हणूनच न्यायासोबत गुणाची कदरही तिच्या अर्थात सामावली.

८/ १९५० मध्ये मात्र नाते बदलले. संविधानाच्या अनुच्छेद ३२ नुसार मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागणे हाच एक मूलभूत हक्क ठरला. आजही नागरिक दाद ‘मागतो’च, पण ती आता कोणाची मेहेरबानी नाही.