कुलूप एक, चाव्या किती?

मागच्या महिन्यात आमच्याकडच्या एका छोट्या संस्थेच्या ऑफिसची चावी हरवली. चावीवाल्याला बोलावलं. त्याने पिशवीतून एक वाकवलेली पट्टी आणि एक बारीक सळी काढली, कान कुलपाला लावला आणि चहा यायच्या आत दार उघडलं. बघायला जमलेल्यांतले एक आजोबा म्हणाले, "एवढ्यात उघडतं, तर मग कुलूप लावायचं कशाला?"

सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न सोडेना. म्हणून आज जरा लांब लिहितोय, वेळ काढून वाचा.

हा प्रश्न जुना आहे. 1818 साली इकडे पेशवाई बुडाली. त्याच साली तिकडे इंग्लंडमध्ये जेरेमाया चब याने एक कुलूप बनवलं. कुणी चुकीची चावी किंवा सळी घालून बघितली की ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं, आपल्या कुलपाला कुणीतरी हात लावलाय. ब्रामा नावाच्या दुसऱ्या कारागिराच्या कुलपाचा तर याहून मोठा बोलबाला. ते दुकानाच्या खिडकीत ठेवलेलं, सोबत पाटी: जो उघडेल त्याला 200 गिनी बक्षीस. कित्येक दशकं कुणाला ते जमलं नाही.

मग 1851 साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे हॉब्ज नावाचा अमेरिकन कारागीर आला. चबचं कुलूप त्याने 25 मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपाला 16 दिवसांत मिळून पन्नास तासांच्या आसपास लागले, पण तेही उघडलं. लंडनमध्ये गहजब झाला. लोक म्हणाले, हे असं जाहीर दाखवलं तर चोर शिकतील. त्यावर उत्तर आलं की चोरांना ते आधीच येतं, माहीत नसतं ते फक्त मालकाला! कुलपाचा दोष झाकला तर फायदा चोराचाच. पुढची चांगली कुलपं याच धक्क्यातून तयार झाली.

आता आपल्या दारावरच्या कुलपात काय असतं ते बघू. 1861 च्या सुमारास लायनस येल याने आजच्या पिनवाल्या कुलपाला रूप दिलं. आत एक फिरणारा दांडगोल, त्यावर पाच-सहा भोकं. प्रत्येक भोकात दोन तुकड्यांची पिन आणि वर स्प्रिंग. चावी आत गेली की तिच्या खाचा प्रत्येक पिन बरोबर तेवढीच उचलतात. दोन तुकड्यांमधली फट दांडगोलाच्या कडेला आली, आणि अशा सगळ्या फटी एका रेषेत आल्या, की दांडगोल फिरतो. एवढंच.

चावीवाला सळीने हेच करतो. पट्टीने हलका ताण द्यायचा आणि सळीने पिना एकेक करून उचलायच्या. कुठलंच कुलूप केसाइतकंही न चुकता बनत नाही, म्हणून ताण दिल्यावर एक पिन आधी अडते, मग दुसरी. अडलेली पिन रेषेवर आली की बोटाला बारीकसा टिचका लागतो. सगळा खेळ बोटांचा आणि सबुरीचा.

पण मोठ्या शाळा, कारखाने, दवाखाने यांचं दुखणं वेगळंच असतं. दोनशे दारं, चाव्या शेकडो माणसांच्या हातात, आणि एक माणूस नोकरी सोडून चावी घेऊन गेला तर? दर वेळी कुलूप तोडून नवीन बसवायचं? हा प्रश्न अमेरिकेत सिएटलच्या एका शाळेत देखभालीचं काम करणाऱ्या फ्रँक बेस्ट याला पडला. त्याने 1920 च्या सुमारास तोड काढली. कुलूप दाराला तसंच ठेवायचं आणि आतला गाभाच बदलायचा. हा गाभा समोरून 8 च्या आकड्यासारखा दिसतो. रोजची चावी फिरवली की दार उघडतं. पण एक वेगळी चावी असते, ताब्याची चावी म्हणू. ती फिरवली की अख्खा गाभाच हातात येतो. दुसरा बसवला की जुन्या सगळ्या चाव्या बाद. काम मिनिटभराचं.

हे साधतं कसं? यात फिरणाऱ्या रेषा दोन असतात. दांडगोलाभोवती अजून एक पातळ कवच असतं आणि पिनेचे तुकडे दोनपेक्षा जास्त असतात. रोजची चावी पिना पहिल्या रेषेवर आणते, ताब्याची चावी दुसऱ्या रेषेवर. म्हणून हे कुलूप सळीने उघडायला महाकठीण. काही पिना पहिल्या रेषेवर अडतात, काही दुसऱ्या, आणि मग धड काहीच फिरत नाही. तरी माणसाने त्यावरही हत्यार काढलंच. कवचाच्या तळाशी छोटी भोकं असतात. त्यांत शिरतील असे दात असलेली खास पट्टी बनवून ताण फक्त कवचाला द्यायचा. मग सगळ्या पिना दुसऱ्याच रेषेवर बसू लागतात. आणि दुसरी रेष जमली तर एक दार उघडून थांबत नाही. गाभाच हातात येतो, तो खोलून पिना मोजता येतात, आणि त्या इमारतीतल्या सगळ्या चाव्यांचं गणित समोर येतं.

म्हणजे बघा, ज्या सोयीसाठी कुलूप बनवलं, तीच त्याची नाजूक जागा.

आपल्याकडेही हे डोकं चाललं होतं. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्यांच्या एका कुलपाला दोन चाव्या होत्या. दोन्हींनी कुलूप उघडायचं. पण दुसरी चावी आतली रचना बदलू शकायची, आणि मग पहिली चावी निकामी. बनावट वेगळी, पण विचार तोच: चावी देतो, पण ती रद्द करायचा हक्क माझ्याकडे. त्यामुळे खरा मालक ओळखायचा तर दुसरी चावी कुणाकडे आहे ते बघायचं.

आता आपल्या मातीत येतो. दुसऱ्या चावीचा हा प्रश्न आपल्या बापजाद्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच विचारला होता. डिसेंबर 1874. आपल्या शिरूर तालुक्यातलं करडे गाव. दीडशे रुपयांच्या कर्जापायी तिथल्या देशमुखाविरुद्ध सावकाराने हुकूमनामा आणला. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पुढे 12 मे 1875 ला बाजाराच्या दिवशी सुप्यात उद्रेक झाला. तेव्हा सुपे भीमथडी तालुक्यात, म्हणजे आजच्या दौंड-बारामतीच्या मुलखात. तिथून लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि पलीकडे पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

लोकांना काय पाहिजे होतं? बहुतेक ठिकाणी ना सोनं, ना दाणा. त्यांना पाहिजे होती कर्जखतं. सावकाराने कागद काढून दिले तर बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागलं, कागदांची होळी झाली आणि लोक घरी गेले. सळी लावून पेटी उघडायच्या भानगडीत ते पडले नाहीत, जमाव करून मालकालाच उघडायला लावली. जाळपोळ, लूटही झाली, ती झाकून ठेवायचं कारण नाही. पण राग कशावर होता ते समजून घ्या. कर्ज आपलं, अंगठा आपला, आणि कागद मात्र दुसऱ्याच्या कुलपात. त्यात काय लिहिलंय, किती फिटलं, काही कळायला मार्ग नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 चा शेतकरी कायदा आला. त्यात काय होतं? कर्जाचा कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हायचा. पैसे दिल्याची पावती, वर्षाचा हिशोब, खातेपुस्तक मागायचा शेतकऱ्याला हक्क. कायद्याने सगळं दुःख संपलं नाही. पण पेटीची दुसरी चावी पहिल्यांदा कर्जदाराच्या हातात आली, ती अशी.

आणि अलीकडचं आठवा. ऑक्टोबर 2021, आपल्याच तालुक्यातलं पिंपरखेड. भरदिवसा बँकेवर दरोडा पडला. पिस्तुलाचा धाक दाखवून सोनं आणि रोकड नेली. ना सळी, ना पट्टी. कुलपापेक्षा कुलपाजवळचा माणूस गाठणं सोपं, हे दरोडेखोराला पक्कं ठाऊक असतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लॉकरची जबाबदारी बँकेला झटकता येणार नाही. ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने नियम काढले, 1 जानेवारी 2022 पासून ते लागू झाले. चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई. आणि लॉकर उघडला की त्याच दिवशी खातेदाराला मेसेज गेला पाहिजे. मला यातला मेसेज सगळ्यात मोलाचा वाटतो. कुलूप उघडलं हे मालकाला कळणं, 1818 सालच्या त्या कुलपाचं काम हेच तर होतं! हा नियम बँकांना आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात येत नाहीत, तेव्हा तिथे आपणच विचारायचं.

म्हणून त्या आजोबांना माझं उत्तर असं: कुलूप चोराला कायमचं अडवायला नसतं. ते वेळ खाण्यासाठी असतं आणि उघडल्याची खूण राहावी म्हणून असतं. बाकी राखण चाव्यांच्या हिशोबाने होते.

त्या संस्थेत आम्ही नवीन कुलूप आणलं, पण त्याआधी एक शंभर पानी वही आणली. चाव्या किती, कुणाकडे, कधी दिली, कधी परत आली, पुढे सही. पहिल्याच दिवशी कळलं, जुन्या कुलपाच्या चार चाव्या होत्या आणि त्यातल्या दोन कुणाकडे आहेत ते एकालाही सांगता येईना.

तुमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तराच्या कपाटाची, विकास सोसायटीच्या तिजोरीची, शाळेच्या ऑफिसची दुसरी चावी कुणाकडे आहे? पुढच्या ग्रामसभेत, सोसायटीच्या सभेत विचारा. भांडायला नको, नुसतं विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते इथे खाली लिहा.