खाणकामगाराची छाती आणि फिल्मचं माप

वणी तालुक्यातलं राजूर आसपासच्या लोकांना ठाऊक आहे ते ‘कॉलरी’ म्हणून. इथे जमिनीत कोळसाही आहे आणि चुनखडीही, म्हणून राजूरला खदानीसोबत चुन्याच्या भट्ट्याही आल्या. १९७३ साली कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी उभी राहिली. खदानीतून बाहेर पडलेला कोळसा काट्यावर तोलता येतो. कामगाराच्या छातीत साचत गेलेली धूळ कशी मोजायची, याचं उत्तर शोधायला मात्र जगाला काही दशकं लागली.

कोळशाची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात खोलवर जाऊन बसते. त्यातून होणारा न्यूमोकोनिओसिस सुरुवातीला जाणवतही नाही. माणूस नेहमीसारखा पाळीला जातो आणि एक्स-रेवर बारीक ठिपके उमटू लागलेले असतात. खदान सोडल्यावरही आजार वाढू शकतो. म्हणूनच एकट्या फिल्मचा उपयोग थोडा. पाच-दहा वर्षांपूर्वीची फिल्म शेजारी लावली, तरच वाढ कळते.

पण दोन फिल्म एकसारख्या घेतल्या असतील तरच. फिल्म जास्त काळी झाली तर बारीक ठिपके लपतात, फिकी राहिली तर नसलेले दिसू लागतात. कामगाराने श्वास पूर्ण भरून घेतला नाही, तरी चित्र बदलतं. शिवाय वाचणारी नजर वेगळी. ब्रिटनमधल्या कोळसा कामगारांचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स फ्लेचर आणि पी. डी. ओल्डहॅम यांनी १९४९ साली दाखवून दिलं, की अनुभवी डॉक्टरांचंही एकाच फिल्मबद्दल एकमत होत नाही. इतकंच काय, तोच डॉक्टर तीच फिल्म पुन्हा पाहताना वेगळा निकाल देतो. कामगाराची भरपाई ज्या कागदावर ठरायची, तो इतका डळमळीत होता!

यावरचा तोडगा फार साधा आणि म्हणूनच मोलाचा आहे. १९३०च्या जोहान्सबर्ग परिषदेपासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्गवारी घडवत नेली आणि पुढे नमुन्याच्या फिल्मचा संचही तयार केला. कामगाराची फिल्म नमुन्याशेजारी ठेवायची आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची. डॉक्टरची शंकाही नोंदवायची: ‘१/०’ म्हणजे निर्णय एकचा, पण शून्याचाही गंभीरपणे विचार झाला होता. २०११ साली डिजिटल प्रतिमांसाठीही नियम आले.

भारतात खाण नियमांनी भरतीच्या वेळी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणीची तरतूद केली. कोलारला १९९० साली सुरू झालेली राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था पुढे नागपूरला आली, म्हणजे विदर्भाच्या खाणपट्ट्याजवळच. २०१९ साली ती अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन झाली.

दोन प्रतिमा एकसारख्या नसण्याचा हाच पेच पुढे मेंदूच्या तपासणीत उभा राहिला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या दहा रुग्णांत सीटी स्कॅनला १९ डाग दिसले होते. लंडनमध्ये १९८१ साली एमआरआयने आणखी ११२ दाखवले. पण कापांची जाडी किंवा कोन बदलला, की जुना डाग नाहीसा होतो, नवा उगवल्यासारखा वाटतो. २०२१ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या तज्ज्ञगटांनी एकत्र येऊन प्रमाण पद्धत ठरवली: काप तीन मिलिमीटरपेक्षा जाड नकोत आणि शक्यतो दर वेळी यंत्र तेच असावं.

आजार वर्षानुवर्षांचा असेल, तर जुनी प्रतिमा हेच रुग्णाचं सर्वांत भक्कम साधन असतं. म्हणून ती त्याच्याही हाती असायला हवी, मालक बदलत राहणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या हाती तर नक्कीच. राजूर-वणी पट्ट्यात ज्यांच्या घरी अशा फिल्म किंवा सीडी असतील, त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. पुढच्या तपासणीला जाताना सोबत न्याव्यात.