एका कागदाचा आडोसा

न्हावरे हे आमच्या शिरूर तालुक्यातलं, घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. इथला किराणावाला सारी पुंजी एका गाळ्यात ठेवतो. तिला आडोसा कुणाचा?

१ जानेवारी १९७३पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण अमलात आलं. १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत सामावल्या. पुढं ‘दुकानदार विमा’ आला. आग, घरफोडी, बँकेच्या वाटेवर लुटलेली रोकड, फुटलेली काच, नोकराची अफरातफर, असे निरनिराळे विमे एका कागदावर आले.

१ जानेवारी २०१८ला याच तालुक्यात, कोरेगाव भीमा-सणसवाडीत दुकानं, वाहनं जळाली. आग लावणारा जात, धर्म पाहतो. दंगलीचं कलम असलेला विमा फक्त नुकसान पाहतो. मला ही गोष्ट मोठी वाटते.

१ एप्रिल २०२१पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आली. एका जागेवरची इमारत, यंत्रं, माल मिळून पाच कोटींपर्यंतच्या धंद्याला आग, पूर, भूकंप, दंगल यांचं संरक्षण एकत्र मिळतं. रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी लावली असली, तरी त्यापायी भरपाई कापत नाहीत. त्याहून कमी लावली, तर मात्र कात्री लागते.

दिवाळीला दुकानदार वहीपूजन करतो. त्याच दिवशी त्यानं विम्याची तारीख आणि रक्कमही मालाशी ताडून पाहावी.