किल्ली कोणाची?

मोटारीला किल्ली तशी उशिराच लाभली. आरंभीच्या गाड्या समोरचे हँडल फिरवून सुरू करीत. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, तरी किल्ली फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लरने आणली ती १९४९ मध्ये.

ती किल्ली म्हणजे खाचा पाडलेले धातूचे पाते. अँबॅसिडर वा प्रीमियर पद्मिनी बाळगलेल्यांना आठवत असेल, किल्ली हरवली तर रस्त्याकडेचा किल्लीवाला कानस चालवून दुसरी करून देई. अर्थात जे त्याला साधे, ते चोरालाही साधे.

१९८६ च्या कॉर्व्हेट गाडीसाठी जनरल मोटर्सने किल्लीच्या पात्यात विद्युतरोधाची एक गोळी बसवली. पण रोधाची मूल्ये अवघी पंधरा! धीराच्या चोराला ती फार नव्हेत. खरा पालट पुढच्या दशकातला. किल्लीच्या मुठीत बॅटरीविना चालणारी चिप आली. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून मिळालेल्या ऊर्जेवर ती क्षणभर जागी होते, आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिन चालत नाही. १९९५ च्या युरोपीय निर्देशानुसार ऑक्टोबर १९९८ पासून तेथील नव्या मोटारींना अशी चोरीरोधक यंत्रणा सक्तीची झाली. अमेरिकेत ही सक्ती नव्हती. तेथे ह्युंदाई व किआ यांच्या अनेक गाड्या तिच्याविना विकल्या गेल्या, आणि २०२१ नंतर त्यांच्याच चोऱ्यांची लाट उसळली.

मात्र या चिपेने कानशीचा अधिकार संपवला. पाते हुबेहूब कापले तरी नव्या चिपेची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. काही गाड्यांत दोन चालू किल्ल्या हाती असतील तर मालक स्वतः तिसरी नोंदवू शकतो. दोन्ही गमावल्या, की कंपनीचे संकेतांक आणि खास उपकरण यांवाचून गत्यंतर नाही. गाडी आपली, पण तिची किल्ली करण्याचे ज्ञान दुसऱ्याचे, ही स्थिती मला तरी विचित्र वाटते.

शिवाय ते गुपितही अभेद्य नव्हते. फोर्डच्या गाड्यांतील चिपेचा चाळीस बिटांचा संकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २००५ मध्ये उलगडला. पुढे बर्मिंगहॅम आणि नाइमेखनच्या संशोधकांनी ‘मेगामोस’ चिपेतील दोष शोधला, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयातून त्या निबंधाच्या प्रकाशनाला मनाई मिळवली. निबंध छापला गेला २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून.