रोशा तेल : खानदेशाचा एक विस्मृत व्यापार

खानदेशाच्या इतिहासात फारुकी सुलतानांची कारकीर्द, मोगलांचा सुभा आणि कंपनी सरकारचा अंमल यांचे सविस्तर वर्णन आढळते. परंतु ज्या सुगंधी द्रव्याने या मुलखाचा संबंध थेट कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारपेठेशी जोडला, त्या रोशा तेलाची नोंद मात्र ओझरतीच होते.

नंदुरबार, पिंपळनेर या बाजूच्या डोंगरउतारांवर, हे तेल ज्यापासून निघते ते रोशा गवत आपोआप माजते. पावसाळा सरताना ते फुलोऱ्यावर आले, म्हणजे कापणी होई आणि ओढ्याकाठी भट्ट्या पेटत. मोठ्या भांड्यात पाणी व गवत भरून, झाकणाचे सांधे लिंपून घेत आणि बांबूच्या नळीने वाफ वाहत्या पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात नेत; तेथे ती निवली की पाण्यावर तेलाचा पिवळसर थर तरंगू लागे. या तेलातील प्रमुख द्रव्य, जिरॅनिऑल, स्वतंत्रपणे उकळण्यास सुमारे २३० अंश सेल्सिअस उष्णता लागते. पण वाफेच्या संगतीने ते १०० अंशांच्या आतच निघून येते, आणि हे रहस्य रसायनशास्त्राची पोथी न उघडताही त्या कारागिरांच्या हाती आलेले होते. मोतिया जातीचे तेल गुलाबाच्या जवळ जाणारे, तर सोफियाचे उग्र व हलक्या प्रतीचे, हा भेदही व्यवहारात रूढ होता.

स्थानिक लोक सांधेदुखीवर हे तेल चोळीत. मोठा माल मात्र मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जाई. तेथे बाभळीच्या जातीच्या डिंकाच्या पाण्यात ते घुसळून, उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवीत आणि बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ करीत. गुलाबातही जिरॅनिऑल असल्यामुळे ही लबाडी सहजासहजी उघडकीस येत नसे. परिणामी युरोपात हे तेल तुर्की म्हणून ओळखले गेले आणि त्याच्या मूळ मुलखाचे श्रेय लोपले.

१८७१ साली याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जिरॅनिऑल प्रथम वेगळे केले, तेही याच गवताच्या तेलातून. आधुनिक सुगंधशास्त्राच्या एका आद्य द्रव्याचा शोध अशा रीतीने आपल्या रानातील गवताशी निगडित आहे. खानदेशाचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल, तेव्हा सुभेदारांच्या दप्तरांइतकाच आदर या भट्ट्यांना आणि त्या चालविणाऱ्या अनामिक हातांना मिळाला पाहिजे.