खेकड्याच्या अंगावरचा बिल्ला

खेकड्याच्या पाठीवर केलेली खूण टिकत नाही. पक्ष्याच्या पायात कडं घातलं तर तो मरेपर्यंत ते पायात राहू शकतं. माशाच्या पराशी अडकवलेला बिल्लाही वर्षानुवर्षं राहतो. खेकड्याला वाढायचं असलं की तो राहतं घरच टाकून देतो. पाठीचं कवच मागच्या अंगाने उघडतं आणि तो उलटा, मागे मागे सरकत त्यातून बाहेर पडतो. नांग्यांची आणि पायांची खोळ, डोळ्यांवरचं आवरण, इतकंच काय, पोटातले दळायचे दातसुद्धा जुन्या कवचाबरोबर जातात. खाडीच्या काठी असं कवच पडलेलं असतं. पोरं मेलेला खेकडा समजून ते उचलतात आणि हाताला हलकं लागलं की दचकतात. त्या कवचावर कुणी बिल्ला लावलेला असेल, तर तोही तिथेच चिखलात राहिला. खेकडा गेला पुढे.

खेकड्यांच्या हंगामी प्रवासाचा माग काढणाऱ्या बिल्ल्याची कुळकथा ही म्हणूनच कात टाकण्याशी केलेल्या झटापटीची कथा आहे. ती सगळ्यात नीट दिसते इंग्लंडच्या किनाऱ्यावर, तिथल्या तपकिरी खेकड्याच्या बाबतीत.

तिथले मच्छीमार मादीला ‘हेन’ म्हणजे कोंबडी म्हणतात आणि नराला ‘कॉक’. आमिष घालून पिंजरे समुद्राच्या तळाशी सोडायचे आणि दोरीने वर ओढायचे, अशी ही मासेमारी. पोटाखाली अंडी धरलेली हेन या पिंजऱ्यांत जवळजवळ कधीच येत नाही. हिवाळ्यात हजारो माद्या लाखो अंडी सांभाळत कुठेतरी बसलेल्या असणार हे उघड होतं. पण ते ‘कुठेतरी’ म्हणजे नेमकं कुठे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर, कलरकोट्सच्या प्रयोगशाळेतले अलेक्झांडर मीक खेकड्यांवर खुणा करून त्यांना परत समुद्रात सोडत होते. माद्या किनाऱ्याने उत्तरेकडे, स्कॉटलंडच्या दिशेने जातात, हे त्यातून दिसू लागलं. ज्या प्राण्याला आपण तिरका चालणारा, बिळाच्या तोंडाशी घुटमळणारा समजतो, तो एवढा लांब जातो हे तेव्हा नवीनच होतं. पण असा बिल्ला मुका असतो. कुठे सोडला आणि कुठे सापडला, एवढ्या दोनच गोष्टी तो सांगतो. मधली वाट त्याला माहीत नसते. शिवाय मधे कात पडली, तर तेवढंही हाती लागत नाही.

या कथेतली सगळ्यात हुशार गोष्ट मला विचाराल तर ती इलेक्ट्रॉनिक नाहीच. कात टाकताना खेकड्याचं कवच वाटेल तिथे फुटत नाही. पाठीचा वरचा भाग आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक ठरलेली शिवण असते, तिच्यावरच ते उकलतं. मग बिल्ला कवचावर न लावता या शिवणीतूनच आतल्या मांसात ओवला तर? कवच त्याच्या दोन्ही बाजूंनी सुटून जातं आणि बिल्ला नव्या अंगावर तसाच राहतो. ब्रिटनमध्ये एरिक एडवर्ड्स यांनी १९६०च्या दशकात तपकिरी खेकड्यावर ही शिवणीची खूण वापरली. एकाच खेकड्याचं कातीआधीचं आणि कातीनंतरचं माप त्यामुळे घेता आलं, आणि प्रवासही कळला. खेकड्याला कात टाकण्यापासून कुणी थांबवू शकत नाही. तेव्हा ती कशी टाकली जाते ते बारकाईने पाहून तिच्यातूनच वाट काढली. हे सुचायला आधी खेकड्याकडे फार वेळ बघत बसावं लागलं असणार, आणि म्हणूनच ते मला मोलाचं वाटतं.

मधल्या वाटेचं काय, या प्रश्नाचं उत्तर मात्र यंत्राकडूनच यायचं होतं. खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी लगेच विरून जातात, त्यामुळे पाण्याखाली आवाजाचाच आधार. १९५६ मध्ये अमेरिकेत पार्कर ट्रेफेथेन यांनी सामन माशांचा माग काढायला ध्वनी सोडणारा बिल्ला वापरल्याचा अहवाल दिला. १९७३ मध्ये मोनन आणि थॉर्न यांनी अलास्काच्या किंग क्रॅबला असे बिल्ले जोडल्याची नोंद प्रसिद्ध केली. नाव बोलतं तसा हा खेकडा राजासारखाच मोठा, त्यामुळे त्या काळचं जड यंत्र तो पेलू शकला.

पाच वर्षांनी, १९७८ मध्ये, बी. जे. हिल यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या कोवी नदीच्या खाडीत ‘सिला सेराटा’ या खेकड्याचा असाच माग काढल्याचं छापून आलं. मुंबईच्या बाजारात काथ्याने नांग्या बांधून बसवलेली, आपल्या खाड्यांतली मोठी चिंबोरी ती हीच. ती मुख्यतः रात्री हिंडते आणि एका रात्रीत सरासरी साडेचारशे मीटरच्या आसपास चालते, असं त्या आवाजांवरून कळलं. १९८९ मध्ये टॉमस वॉल्कॉट आणि ॲन्सन हाइन्स यांनी अमेरिकेतल्या निळ्या खेकड्याच्या जबड्याच्या स्नायूची हालचालच ध्वनीवर चढवली. पाण्याखाली न दिसणारा खेकडा कधी खातोय, तेसुद्धा आता वर होडीत बसून ऐकता येऊ लागलं.

पण ऐकायला जवळ असावं लागतं. इंग्लिश खाडीतली हेन महिनोन्‌महिने चालत राहणार, तिच्यामागे होडी किती दिवस नेणार? तिथे उपयोगी पडली ती नोंद साठवून ठेवणारी छोटी यंत्रं. ती आवाज करत नाहीत. ठरावीक वेळाने पाण्याचा दाब आणि तापमान आपल्यापाशी लिहून ठेवतात, आणि खेकडा पुन्हा कुणाच्या पिंजऱ्यात आला तरच ती वही वाचायला मिळते. यंत्र महागडं आणि प्राणी कात टाकणारा, म्हणून खेकड्यावर ती लावायला पुष्कळ काळ कुणी धजत नव्हतं.

इवन हंटर आणि सहकाऱ्यांनी ती १२८ प्रौढ माद्यांना लावली, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रौढ मादी दरवर्षी कात टाकत नाही, हा इथला कळीचा मुद्दा. ३४ टक्के यंत्रं परत आली. ती परत देणारे हात मच्छीमारांचे. मीक यांच्या काळापासून आजपर्यंत या साखळीतली ही एक कडी बदललेली नाही.

दाबाच्या नोंदीवरून जागा कशी कळते, हे समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होतो. खेकडी तळाशी स्वस्थ बसली की तिच्या डोक्यावरचं पाणी भरती-ओहोटीने वरखाली होत राहतं. नोंदीत त्याची लाट उमटते. भरती किती वाजता आली आणि पाणी किती चढलं, ही जोडी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि इंग्लिश खाडीत तर हा फरक फार मोठा. भरतीच्या गणिताशी ती लाट ताडून पाहायची, की खेकडीचा पत्ता सापडतो. ही रीत त्याआधी उत्तर समुद्रातल्या प्लेस या चपट्या माशावर बसवलेली होती.

माद्या पश्चिमेकडे चालल्या होत्या. बेनेट आणि ब्राऊन यांनी साध्या बिल्ल्यांवरून १९८३ मध्ये तेच म्हटलं होतं. खाडीच्या पूर्व भागात सोडलेल्या माद्या पश्चिम भागातल्यांपेक्षा जास्त लांब गेल्या. साध्या बिल्ल्याला कधीच दिसलं नसतं ते मात्र मधलं थांबणं. प्रवासाच्या ऐन मधे सुमारे सात महिने ती खेकडी जागची हलत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून, पश्चिमेकडे आधी, माद्या बसू लागतात. हाच अंडी धरून ठेवायचा काळ. या दिवसांत ती खात नाही, म्हणून आमिषाच्या पिंजऱ्याशी तिचं काही काम नसतं. मच्छीमारांना दरवर्षी पडणाऱ्या कोड्याचा उलगडा त्या सात महिन्यांच्या थांबण्यात होता. आणि अंडी धरून बसायच्या जागाही एकाच गुप्त ठिकाणी नव्हत्या, सगळ्या टापूभर विखुरलेल्या होत्या.

त्या नोंदीत सात महिने फक्त भरती चढते आणि ओहोटी उतरते. मग एका दिवशी ती लाट मोडते, खोली बदलू लागते, आणि हेन पुन्हा चालू लागलेली असते.