चूक करायची ऐपत

सॉफ्टवेअरवाल्यांच्या चुका स्वस्त असतात. कोड चुकला तर दोन ओळी बदलायच्या आणि पुन्हा चालवायचा. मी आठवडाभर हेच काम करतो. शनिवार-रविवारी मात्र हातात सोल्डरिंग आयर्न असतं, आणि तिथं कंट्रोल-झेड नसतं. तांब्याची रेघ चुकीच्या जागी गेली की गेली. नवं बोर्ड म्हणजे नवा खर्च आणि पुन्हा वाट पाहणं. त्यामुळे सर्किट बोर्डांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा त्यात मला सारखा एकच हिशेब दिसत राहिला: एक चूक केवढ्याला पडते?

सुरुवात अगदी घरगुती आहे. १९२० च्या दशकात युरोप-अमेरिकेतले हौशी लोक घरी रेडिओ बनवायचे. त्यासाठी स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी उचलायची, तिच्यावर खिळे आणि स्क्रू ठोकायचे आणि त्यांना तारा गुंडाळायच्या. आपण आज ज्याला ब्रेडबोर्ड म्हणतो, त्यातला ब्रेड तो हा. जोडणी चुकली तर तार सोडवायची आणि दुसऱ्या खिळ्याला बांधायची. म्हणजे चुकीची किंमत जवळपास शून्य. फक्त असा रेडिओ एकच बनायचा. हजार हवे असतील तर हजार वेळा तारा जोडायला माणसं बसवावी लागत.

या हजाराच्या प्रश्नावर उत्तर काढलं पॉल आयस्लर या व्हिएन्नातल्या इंजिनियरनं. जन्म १९०७ चा, ज्यू. व्हिएन्नात असताना त्याचा छपाईच्या धंद्याशी जवळून संबंध आला होता. नात्झींची सावली पडू लागल्यावर १९३६ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. तिथं भाड्याच्या खोलीत त्यानं एक रेडिओ बनवला, ज्यात तारांऐवजी छापलेली जोडणी होती. कल्पना साधी होती: वर्तमानपत्र छापता येतं, तर वायरिंग का नाही?

ही कल्पना घेऊन तो प्लेसी या ब्रिटिश कंपनीकडे गेला. तिथं नकार मिळाला. कारण असं की, तारा जोडायचं काम करणाऱ्या मुली यंत्रापेक्षा स्वस्त पडत होत्या आणि त्यांना हवं त्या कामाला लावता येत होतं. मजुरी स्वस्त असली की शोध महाग वाटतो, याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही. त्यातच १९४० मध्ये ब्रिटिश सरकारनं आयस्लरला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून काही काळ स्थानबद्ध केलं. ज्यांच्यापासून तो पळाला होता, त्यांचाच माणूस म्हणून! सुटल्यावर हेंडरसन अँड स्पाल्डिंग या छपाईच्या कंपनीनं त्याला हात दिला आणि १९४३ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. पुढं अमेरिकेनं लक्ष्याजवळ जाताच फुटणाऱ्या युद्धातल्या फ्यूजमध्ये छापील सर्किटं वापरली, आणि १९४८ मध्ये ते तंत्र नागरी उद्योगांसाठी खुलं झालं.

यानंतर हजार रेडिओ स्वस्त झाले, पण एक रेडिओ महाग झाला. छपाईचा स्वभावच तसा आहे. लग्नपत्रिका ५०० छापा किंवा ५, मजकूर जुळवायचा खर्च तोच. बोर्डाचंही तसंच. फिल्म काढा, भोकांच्या जागा ठरवा, यंत्र लावा. काचेचे धागे, राळ आणि तांब्याचा पत्रा हा कच्चा माल फार महाग नाही. महाग आहे ती सुरुवात. कारखान्याला हजार बोर्डांत हा खर्च वाटून टाकता येतो. ज्याला एकच बोर्ड हवंय त्यानं काय करायचं?

त्यानं छपाईच टाळायची वाट शोधली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधून व्हेरोबोर्ड आलं: आधीच भोकं पाडलेली, तांब्याच्या पट्ट्या असलेली पाटी. नको तिथं पट्टी कापायची, हवं तिथं सोल्डर करायचं. मग १९७१ मध्ये रोनाल्ड पोर्तुगाल यानं अमेरिकेतल्या ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्ससाठी सोल्डर न लागणाऱ्या ब्रेडबोर्डचं डिझाइन नोंदवलं. आज सगळीकडे दिसतं ते पांढरं प्लास्टिकचं बोर्ड याच घराण्यातलं. त्याच्या दोन भोकांमधलं अंतर २.५४ मिमी, म्हणजे इंचाचा दहावा भाग, कारण त्या काळच्या आयसीचे पाय तेवढ्या अंतरावर असत. खिळे ठोकलेल्या फळीवरची ती शून्य किंमतीची चूक अशी पन्नास वर्षांनी परत आली.

आपल्याकडे यातली बरीच पिढी वाढली ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. दुकानात ‘झिरो पीसीबी’ मागितली की भोकाभोकांची पिवळट पाटी पुढ्यात येते. डिप्लोमा-डिग्रीचे कित्येक प्रोजेक्ट हिच्यावर उभे राहिले. ज्यांना खरं छापील बोर्ड हवं असे, ते घरीच छापखाना काढत. लेझर प्रिंटरवर डिझाइन छापायचं, इस्त्रीनं त्याची शाई तांब्याच्या पाटीवर उतरवायची आणि पाटी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायची. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. हे खिशाला परवडतं, पण वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत ओतलं की आपल्या चुकीची किंमत नदी भरते.

एकट्यादुकट्याला कारखान्याचं दार उघडायला आणखी एक गोष्ट हवी होती: सगळ्या कारखान्यांना कळेल अशी भाषा. पूर्वी बोर्डाचा आराखडा पारदर्शक कागदावर काळ्या चिकटपट्ट्या लावून, मूळ मापाच्या दुप्पट-चौपट आकारात हातानं करत आणि मग फोटो काढून लहान करत. हे काम प्रकाशानं करणारं यंत्र, फोटोप्लॉटर, आणलं जोसेफ गर्बरच्या कंपनीनं. इथं जा, दिवा लाव, तिथं जा, दिवा बंद कर, अशा त्याच्या आज्ञा. आज जगभर बोर्डाची ऑर्डर देताना जी ‘गर्बर फाइल’ पाठवतात, ती याच आज्ञांची वंशज.

हा गर्बर कुठला? व्हिएन्नाचा. जन्म १९२४. तोही ज्यू. वडील नात्झींच्या वंशसंहारात गेले, आणि आईबरोबर तो १९४० मध्ये अमेरिकेला पोचला. कॉलेजात असताना पायजम्याचं इलॅस्टिक काढून, त्यावर खुणा करून, ताणता येणारी मोजपट्टी त्यानं बनवली होती. बोर्ड छापायची कल्पना आणि बोर्ड लिहायची भाषा, दोन्हींच्या मागे एकाच शहरातून परागंदा झालेली माणसं आहेत. यात काही गूढ संकेत आहे असं मला म्हणायचं नाही. फक्त त्या शहरानं आणखी काय काय घालवलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

भाषा झाली, पण ती लिहायची सॉफ्टवेअरं महाग होती. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला ज्याँ-पिएर शारा यांनी कायकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर सुरू केलं. पुढं सर्न या संशोधन केंद्रानं त्याच्या विकासाला हातभार लावला. आज ते कुणीही फुकट उतरवून वापरू शकतं.

शेवटची अडचण होती त्या सुरुवातीच्या खर्चाची. ती सोडवली आपल्या वडापच्या युक्तीनं. एकट्यासाठी जीप केली तर परवडत नाही. दहा जण भरले की तिकिटाएवढ्यात गाव गाठता येतं. कारखान्यात एक मोठी पाटी साधारण १८ × २४ इंचांची असते. कडा सोडल्या तरी तिच्यात ५ × ५ सेंमीची ८०-९० बोर्डं बसतात. मग ती वेगवेगळ्या माणसांची का नसावीत? अमेरिकेत पोर्टलंडच्या हौशी मंडळींनी एकत्र ऑर्डरी द्यायला सुरुवात केली, त्यातून ओएसएच पार्क उभं राहिलं. दर चौरस इंचाला ५ डॉलर, त्यात ३ बोर्डं, रंग जांभळा. मग चीनमधल्या शेन्झेनच्या कारखान्यांनी हीच युक्ती प्रचंड प्रमाणावर केली, आणि १० × १० सेंमीची ५ बोर्डं २ डॉलरला मिळू लागली.

वडापला नियम असतात. जीप तुमच्या दारात येत नाही. इथंही जाडी १.६ मिमी, तांब्याचा थर ३५ मायक्रॉन, दोनच थर, ठरलेलं माप. बाकीच्यांसारखं राहिलात तर स्वस्त. माप जरा ओलांडलं किंवा चार थर मागितले की दर चढतो.

आणि २ डॉलर हा दारापर्यंतचा भाव नव्हे. भारतात मागवलं तर कुरियर आणि कस्टम ड्युटी मिळून बोर्डापेक्षा जास्त होतात. म्हणून जाणकार मुलं चार-पाच जणांच्या ऑर्डरी एकत्र करतात, म्हणजे वडापच्या आत आणखी एक वडाप. गांधीनगर, बंगळूरसारख्या ठिकाणचे कारखानेही आता एक-दोन बोर्डांच्या ऑर्डरी ऑनलाइन घेतात. तुलना करायची ती कुरियर, कर आणि लागणारे दिवस धरून. सबमिशन पुढच्या सोमवारी असेल तर तीन आठवड्यांनी येणारं स्वस्त बोर्ड सर्वांत महाग.

माझा स्वतःचा क्रम ठरलेला आहे. कल्पना चालते का, हे ब्रेडबोर्डवर बघायचं. सर्किट वेगवान असेल तर त्यावर फार विसंबायचं नाही, कारण आतल्या पट्ट्या आणि लांब तारा सिग्नल बिघडवतात. एकच नग हवा असेल तर झिरो पीसीबी. दोन-चार हवे असतील तर छापील. आणि ऑर्डर देण्याआधी गर्बर फाइल दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडून बघायची, कारण पाच बोर्डं मागवली तरी पाचांतली चूक एकच असते.

लहान गावातल्या पॉलिटेक्निकमधल्या मुलीनं आज फोनवर व्हिडिओ बघून सर्किट समजून घेतलं, कॉलेजच्या लॅबमधल्या संगणकावर कायकॅडमध्ये ते काढलं आणि मैत्रिणींबरोबर ऑर्डर दिली, तर पहिलं बोर्ड बिघडण्याची तिला धास्ती नाही. एके काळी ती ऐपत फक्त कंपन्यांची होती. जे एकदाच जमू शकतं, ते माणूस भीत भीत करतो आणि शक्यतो दुसऱ्याचं बघून करतो. स्वतःचं काही काढायचं तर दोन-तीनदा चुकायची सोय लागते.

बोर्ड बनवणारे लोक एका कोपऱ्यात, नावाशेजारी, बारीक अक्षरात ‘व्ही १’ असं छापतात. म्हणजे पहिली आवृत्ती. ‘व्ही २’ काढता येईल एवढे पैसे आपल्याकडे आहेत, हे त्यात न लिहिता आलेलं असतं.